खानदेशातील संगणनसेवा

तापी खोऱ्यातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत संगणकाचा वापर कसा आला, संगणक प्रत्यक्ष कोठे ठेवला गेला व तो कोणाच्या हाती राहिला, याचा वृत्तांत. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व भागाचे मुख्य ठिकाण जळगाव व पश्चिम भागाचे धुळे होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या प्रदेशात संगणक बव्हंशी दूरस्थ सेवेच्या रूपानेच वावरला. यंत्र मुंबईस वा परदेशी आणि त्याचा वापर येथे, ही स्थिती प्रारंभी होती व आज मेघसंगणनाच्या (क्लाउड) काळातही आहे. मधली सु. वीस वर्षे मात्र यंत्रे येथील कार्यालयांत व महाविद्यालयांत प्रत्यक्ष येऊन राहिली होती. दूरस्थ यंत्राचा पहिला काळ आणि आजचा काळ यांत एक मोठा फरक आहे. पूर्वी दूरच्या यंत्रावर काय चालावे हे ठरविण्याचा अधिकार येथील माणसाला नव्हता. आज धुळ्याचा एखादा विद्यार्थी स्वतःच्या खोलीत बसून मुंबईतील यंत्राची जुळणी करू शकतो. यंत्रावरील मालकी मात्र त्याला मिळालेली नाही.

पूर्वपीठिका : भारतात मोठे संगणक मोजकेच असण्याच्या काळात अनेकांनी एक यंत्र वापरणे अपरिहार्य होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक पूर्ण झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि देशातील अनेक संस्थांची गणिते त्यावर होऊ लागली. छिद्रित पत्रिकांचे गठ्ठे मुंबईस पाठवायचे आणि छापील उत्तराची वाट पाहायची, अशी पद्धत होती. त्याच सुमारास अमेरिकेत एकाच यंत्राचा वेळ अनेक टर्मिनलांना वाटून देण्याचे (कालविभाजनाचे) प्रयोग सुरू झाले होते. मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९६१ मध्ये असे यंत्र दाखविण्यात आले. वीज वा पाणी यांप्रमाणे गणनशक्तीही पुढे सार्वजनिक सेवा होईल, असे जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने त्याच वर्षी सुचविले.

खानदेशातील सामान्य माणसाची दूरस्थ संगणकाशी पहिली ओळख रेल्वेच्या आरक्षण खिडकीत झाली, असे म्हणता येते. संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५-८६ मध्ये सुरू झाले व नंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथील केंद्रांत पोहोचले. भुसावळसारख्या जंक्शनावरील खिडकीत फक्त टर्मिनल असे. जागांची नोंद मुंबईच्या केंद्रात ठेवलेली असे. ही केंद्रे १९९९ पर्यंत परस्परांना जोडली गेली. ‘लिंक नाही’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रांगेत उभ्या राहणाऱ्यांच्या परिचयाचा झाला.

अमळनेर : संगणन-उद्योगाच्या इतिहासात खानदेशाचे नाव येते ते अमळनेरमुळे. जळगाव जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी, बोरी नदीकाठी, मोहंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. भुईमूग व सरकी ही खानदेशची तेलबियांची पिके. तेथे वनस्पती तूप काढण्याचा कारखाना निघणे स्वाभाविक होते. ‘सनफ्लॉवर’ या नावाने ते विकले जाई. तेल काढताना उरणाऱ्या पदार्थांपासून कपडे धुण्याचा ‘७८७’ साबणही तयार होऊ लागला. १९४६ मध्ये कंपनीचे समभाग लोकांना विक्रीस काढले गेले. अमळनेरमधील अनेक कुटुंबांनी ते घेतले व जपून ठेवले. पुढे त्यांची किंमत किती चढली याच्या कथा त्या गावात सांगितल्या जातात.

मोहंमद हाशम प्रेमजी १९६६ मध्ये मरण पावले. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून परत आले. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षांचे होते. तेल, साबण यांबरोबरच इतर वस्तूंचे उत्पादन सुरू झाल्यावर १९७७ मध्ये कंपनीचे नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ असे झाले. परकी भांडवलासंबंधीच्या कायद्यावरून वाद होऊन आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय बंद केला आणि लघुसंगणकाच्या निर्मितीचे क्षेत्र देशी कंपन्यांस मोकळे झाले. १९८० नंतर विप्रोने त्यात प्रवेश केला. तथापि संगणकाचा विभाग अमळनेरला नव्हे, तर बंगलोरला स्थापण्यात आला. संशोधन संस्था, अभियंते आणि दूरध्वनी यांपैकी कोणतीच गोष्ट त्या वेळी बोरीकाठी पुरेशी नव्हती. भांडवल खानदेशच्या तेलातून उभे राहिले. संगणकाचा कारखाना आणि त्याबरोबरच्या नोकऱ्या कर्नाटकात गेल्या. ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय २०१३ मध्ये विप्रो लिमिटेडपासून कायद्यानेही अलग झाला. त्यामुळे अमळनेर हे संगणनव्यवसायातील एका मोठ्या कंपनीचे जन्मस्थान म्हणूनच काय ते उरले.

स्थानिक यंत्रांचा काळ : राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची (एनआयसी) स्थापना १९७६ मध्ये झाली. त्याचे ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे १९८७ पासून उभारले गेले व पुढील काही वर्षांत जिल्हाधिकारी कार्यालयांत लहान तबकडी आणि संगणक आले. याच सुमारास शिक्षणाची सोय झाली. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळू लागली. जळगावजवळ बांभोरी, शिरपूर व धुळे येथे अशी महाविद्यालये निघाली. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मधील होय. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून अलग होऊन जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव). तेथे संगणकशास्त्राचे स्वतंत्र प्रशाळेत अध्यापन होते.

आंतरजालाची सार्वजनिक सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी चार महानगरांत सुरू केली. खासगी कंपन्यांना १९९८ अखेर परवानगी मिळाली. महानगरांबाहेरच्या गावांना आरंभी मुंबईचा वा पुण्याचा क्रमांक लावावा लागे आणि त्याचे ट्रंक कॉलचे बिल भरावे लागे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (एमकेसीएल) एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या गावीही निघाली आणि संगणकापुढे बसण्याची सवय शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींना लागली. शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र लागत असे, हेही या प्रसाराचे एक कारण होते. याच महामंडळाच्या ‘डिजिटल विद्यापीठ’ प्रणालीवर पुढे जळगावच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या नोंदी गेल्या.

या काळात संस्थेचा स्वतःचा सर्व्हर (इतर संगणकांना माहिती व सेवा पुरविणारे यंत्र) असणे प्रतिष्ठेचे मानले जाई. तो चालू ठेवणे हा मात्र वेगळा प्रश्न होता. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. सर्व्हरची खोली अहोरात्र थंड ठेवावी लागते आणि २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातील ग्रामीण व निमशहरी भागांत भारनियमन तीव्र होते. विद्युत्‌घट संच दोन-तीन तास पुरे. पुढे यंत्र बंद. भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीज केंद्र असूनही तेथील वीज राज्याच्या जाळ्यात जाते, त्यामुळे या गैरसोयीतून परिसराची सुटका झाली नाही. परिणामी ज्यांना संकेतस्थळ चालवायचे होते ते अमेरिकेतील एखाद्या सर्व्हरवरील लहानशी जागा वार्षिक भाड्याने घेत. एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे असत. शेजारच्या एकाने भार वाढविला की सर्वच मंदावत. त्या यंत्रावर भाडेकरूला स्वतःची आज्ञावली बसविता येत नसे.

मेघसंगणनाचा उदय : एका भौतिक यंत्रावर परस्परांपासून अलग अशी अनेक आभासी यंत्रे चालविण्याचे तंत्र आयबीएमने १९६० नंतरच्या दशकात मोठ्या संगणकांसाठी विकसित केले होते. १९९९ च्या सुमारास ते साध्या संगणकांवर आले. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःची कार्यप्रणाली, स्मृती व तबकडी असल्याचा भास होतो. ॲमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये माहिती साठविण्याची व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशी आभासी यंत्रे तासाच्या हिशेबाने भाड्याने देण्याची सेवा उघडली. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनी पुढील काही वर्षांत तोच मार्ग धरला. यात ‘मेघ’ हा शब्द केवळ आलंकारिक आहे : जाळ्याच्या आकृतीत, ज्या भागाच्या तपशिलाची गरज नाही तेथे, अभियंते ढगाचे चित्र काढीत, त्यावरून नाव रूढ झाले. प्रत्यक्षात ही काँक्रीटची इमारत असते आणि तीत हजारो यंत्रे, वातानुकूलन व डिझेलचे जनित्र असते.

सर्व्हरची उभारणी आता पुढीलप्रमाणे होते. वापरणारा प्रथम विभाग (म्हणजे कोणत्या शहरातील केंद्र) आणि यंत्राचा आकार निवडतो. लहान संकेतस्थळास एक आभासी प्रक्रियक व एक गिगाबाइट स्मृती पुरते. कार्यप्रणाली सामान्यतः लिनक्स असते. ती १९९१ मध्ये लायनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केली व ती विनामूल्य आहे. यंत्राला दुरून प्रवेश करण्यासाठी किल्ल्यांची जोडी तयार होते. खाजगी किल्ली स्वतःच्या संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवली जाते, आणि त्यांच्या आधारे एसएसएच या १९९५ मधील संकेतनाने संरक्षित अशी वाट उघडते. ही खाजगी किल्ली हरवली तर यंत्रात शिरणे फार अवघड होते. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर यंत्र त्याचे झाले असे समजावे. त्यानंतर बाहेरून येणारी दारे बंद करावयाची व फक्त लागतील ती उघडी ठेवावयाची : २२ क्रमांकाचे एसएसएचसाठी, ८० व ४४३ संकेतस्थळासाठी. मग अपाची (१९९५) वा एन्‌जिन्‌एक्स (२००४) यांसारखी पृष्ठे पुरविणारी आज्ञावली, मायएसक्यूएलसारखा माहितीसंग्रह, आणि पीएचपीसारखी भाषा किंवा नोडसारखे साधन बसविले जाते. संकेतस्थळाचे नाव त्या यंत्राच्या अंकीय पत्त्याशी जोडून आणि संकेतनाचे प्रमाणपत्र घेऊन काम पुरे होते. पूर्वी अशा प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ अखेर ती विनामूल्य देण्यास आरंभ केल्यापासून छोट्या गावांतील दुकानांच्या व शाळांच्या पृष्ठांवरही कुलपाचे चिन्ह दिसू लागले. हे सारे जमलेला मनुष्य अर्ध्या तासात करतो. नवशिक्याचा आठवडा जातो, आणि त्याचा बहुतेक वेळ विसरलेल्या दारापाशी किंवा चुकलेल्या अनुमतीपाशी खर्च होतो.

साधनांचा बदलही याच काळातला. कार्यक्रमाच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली २००५ मध्ये टॉर्व्हाल्ड्स यांनीच केली. गिटहब हे तिचे सामायिक भांडार २००८ मध्ये निघाले. डॉकर (२०१३) या साधनाने कार्यक्रम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका पेटीत बंद करून कोणत्याही यंत्रावर नेता येते. शिरपूरच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालणारी पेटी मुंबईच्या यंत्रावर तशीच चालते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोणती यंत्रे आहेत यावर त्याचे शिक्षण पूर्वी अवलंबून असे. ते बंधन यामुळे बरेच सैल झाले. खानदेशी तरुणांची पुण्याकडे होणारी रीघ मात्र यामुळे थांबली नाही. सर्व्हर कोठूनही उभारता येत असला तरी काम देणारा ग्राहक व नोकरी देणारी कंपनी मोठ्या शहरातच असते.

मराठी संकेतस्थळे करणाऱ्यांना आणखी एक अडचण होती. युनिकोड हे सर्व लिप्यांचे सामायिक संकेतन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले तरी देवनागरीसाठी ते रुळण्यास दहा-पंधरा वर्षे लागली. तोवर प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा व तो वाचकाच्या यंत्रावर नसल्यास पृष्ठावर अर्थहीन रोमन चिन्हे उमटत. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक, स्था. १९८८) भारतीय लिप्यांविषयीचे काम यासंदर्भात महत्त्वाचे आहे. आता देवनागरीत लिहिलेली अहिराणीही कोणत्याही सर्व्हरवरून विनासायास जाते.

अंतर व काल : यंत्र कोठे आहे याला आजही अर्थ आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. दोन लक्ष किमी. जातो. जळगाव-मुंबई लोहमार्गाचे अंतर सु. ४२० किमी. आहे, ते तोडण्यास दोन सहस्रांश सेकंदांहून थोडाच अधिक काळ लागतो. अमेरिकेतील यंत्राकडे जाऊन येण्यास २०० सहस्रांश सेकंदांहून अधिक लागतात व एक पृष्ठ उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. ॲमेझॉनचे सर्वांत जवळचे केंद्र २०१० पासून सिंगापूरला होते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईस आणि गूगलने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईसच केंद्रे उघडली. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईत किनाऱ्यास लागतात. विजेची आणि वित्तसंस्थांची सोयही तेथेच. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवेसंबंधी धोरण जाहीर करून आपल्या विभागांना अशा सेवा वापरण्याची मुभा दिली.

नियंत्रणाचा प्रश्न : सामायिक साधन वाटून वापरण्याची खानदेशास जुनी सवय आहे. पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी फड पद्धतीने वाटले जाई. पाळीपाळीने पाणी सोडण्याचे व चारी राखण्याचे काम गावाने नेमलेले पाटकरी व जागले करीत. मेघसेवेतही एका साठ्यातून अनेकांना वाटा मिळतो, परंतु साम्य येथेच संपते. फडात कोणते पीक घ्यावे आणि पाळी कशी लावावी हे शेतकरी मिळून ठरवीत. येथे दर, अटी व सेवा बंद करण्याचा अधिकार हे सर्व कंपनीकडे असते. सतत चालणाऱ्या बिलाचे हप्ते कार्डावरून परस्पर वळते होत असत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती वसुलीस ग्राहकाची जादा संमती आवश्यक केली, तेव्हा अनेक लहान ग्राहकांची परदेशी देयके अडकली. विसरून चालू राहिलेल्या यंत्राचे बिलही वाढत राहते. राखीव प्रत काढून ठेवणे व खर्चाची मर्यादा लावणे ही उभारणीची शेवटची, पण बहुधा वगळली जाणारी पायरी होय.

विप्रोलाही यंत्रांच्या मालकीचा मोह फार काळ परवडला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेतील इन्फोक्रॉसिंग ही डेटा सेंटरे चालविणारी कंपनी सु. ६० कोटी डॉलरना घेतली होती. २०१८ मध्ये तिने हा व्यवसाय एन्सोनो या कंपनीस सु. ४०.५ कोटी डॉलरना विकला. ॲपिरिओ ही मेघसेवांचे सल्लाकार्य करणारी कंपनी तिने २०१६ मध्ये घेतलीच होती. २०२१ मध्ये मेघसेवेवर तीन वर्षांत एक अब्ज डॉलर खर्चण्याचे तिने जाहीर केले. म्हणजे इतरांच्या यंत्रांवर ग्राहकांचे सर्व्हर उभारून देणे, हाच अमळनेरात जन्मलेल्या या कंपनीचा मोठा व्यवसाय झाला.

सामान्य खानदेशी माणसाचा दूरस्थ सर्व्हरशी नित्य संबंध येतो तो सातबाऱ्यामुळे. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मधील. महाराष्ट्रात या नोंदी प्रथम तालुक्याच्या संगणकावर होत्या व पुढे त्या राज्यस्तरीय सर्व्हरवर गेल्या. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा आंतरजालावरून मिळू लागला. तलाठ्याच्या दप्तरातील पान पूर्वी त्याच्या सवडीने मिळे. आता चोपड्याच्या वा साक्रीच्या शेतकऱ्याला ते कोणत्याही सेवाकेंद्रात मिळते. पीककर्जाच्या हंगामात एकाच वेळी सारा महाराष्ट्र त्या यंत्राकडे वळला की ‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तरही त्याला तेथेच मिळते.